सहावी बाजू

त्या शनिवारी काकूच्या घरात मी किती वेळा उठले आणि किती वेळा बसले, ते मी मोजलं नाही. काकूनं मोजलं.

"पाप्पा, आता बसलीस की हे नववं बसणं," ती म्हणाली. "त्या खुर्चीनं तुझं काय वाकडं केलंय?"

मी चोपन्न वर्षांची आहे. शाळेत भूगोल शिकवते, दोन चष्मे बाळगते आणि दोन्ही हरवते. पण मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या या एका घरात मी अजून पाप्पाच आहे. तमिळमध्ये पाप्पा म्हणजे तान्हं बाळ. मला पाप्पा म्हणणारं ते शेवटचं घर, आणि त्याला दुपारी चार वाजता कुलूप लागायचं होतं. चार वाजता रघू, काकूचा मुलगा, गाडी घेऊन येणार होता. तो श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात आहे, तिथंच लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. काकूच्या छातीला आता इथला जिना झेपत नव्हता. ती खिडकीशी बसली होती, नाकाला बारीक नळी, आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र एकाच सुरात घुमत होतं, कुणीतरी तंबोरा लावून गायलाच बसलं नाही असं.

सकाळी रघूचा फोन आला होता. "अक्का, तिला जास्त बोलू देऊ नकोस. हसवू नकोस. रडवू तर मुळीच नकोस."

"मग मी तिथं करू काय?"

"पॅकिंग कर."

मी केलं. अस्वस्थ बाईनं करावं तसं केलं. भांडी भरली, देव भरले, दोन दिवसांची औषधं भरली आणि परत काढली. कॉफीचा फिल्टर कुठल्या खोक्यात गेला ते खोकं बंद केल्याबरोबर विसरले. उरला फक्त खिडकीजवळच्या मेजावरचा रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच्या शेजारची लाल पेटी. रघूकडे त्यांना जागा नव्हती, म्हणून ती दोन्ही माझ्याकडे टी. नगरला यायची होती. मी पेटीला सुतळी बांधायला घेतली, तेव्हा काकू म्हणाली, "बांधू नको. उघड. जायच्या आधी एकदा अस्कं लाव."

अस्कं म्हणजे आमच्या तंजावरी मराठीत सगळं. पुण्याच्या माणसाला हा शब्द ऐकवला की तो आमच्याकडे संग्रहालयातल्या नाण्याकडे बघावं तसं बघतो. मला त्याचा अर्थ पक्का माहीत होता, तरी वेळ काढायला विचारलं, "अस्कं म्हणजे गं?"

"अस्कं म्हणजे अस्कं. सहावी बाजूसुद्धा."

मी पुन्हा उठले.

*

ती पेटी उघडली की आधी वास येतो. जुना पुठ्ठा, डांबरगोळ्या, आणि समुद्राचा दमटपणा, जो या गल्लीत लाकडापासून लोणच्यापर्यंत सगळ्यात मुरतो. वर लाल कापड, त्यावर सोनेरी परदेशी अक्षरं. आत तीन काळ्या रेकॉर्डी, म्हणजे सहा बाजू, एक अख्खा ऑपेरा. शिवाय एक सुटी रेकॉर्ड, तिच्यात निरनिराळ्या ऑपेरांतली लोकांची लाडकी गाणी.

अण्णाकाका, म्हणजे काकूचे यजमान, समुद्राकाठच्या एका जहाज कंपनीत कारकून होते. त्यांचा परदेशी साहेब मद्रास सोडून जाताना टेबलावरचं सामान वाटत सुटला. कुणाला पेपरवेट मिळालं, कुणाला छत्री. अण्णाकाकांना ऑपेरा मिळाला. ते तो तेवीस नंबरच्या बसमधून मांडीवर घेऊन आले, जणू मुलीला सासरहून माहेरी आणतायत.

आम्ही तेव्हा याच घराच्या वरच्या पोर्शनमध्ये राहायचो; इथं भाड्याच्या दोन खोल्यांना पोर्शन म्हणतात. मी दहा वर्षांची होते. त्याच वर्षी काकू तांबरमच्या छातीच्या इस्पितळात चार महिने राहून परतली होती. ती गेली तेव्हा काय झालं होतं हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही, परत आली तेव्हाही नाही. एवढंच कळलं की तिची पेला-वाटी वेगळी असायची ती आता परत सगळ्यांत आली, आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरची देवीची तसबीर फार वेळ बघायची. तसबीर मी तपासली होती. एवढं बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

रविवारी तीनच्या सुमाराला अण्णाकाका दुपारची झोप संपवून तोंड धुवायचे, उपरणं घ्यायचे आणि चिपळ्या काढायचे. त्या चिपळ्या त्यांच्या आजोबांच्या. आजोबा तंजावरला कीर्तन करायचे, आणि घराण्यात कीर्तनकार झाला की पुढच्या चार पिढ्यांना गोष्ट सरळ सांगता येत नाही. अण्णाकाकांना गळा नव्हता. मग त्यांनी यंत्राला गायला लावलं आणि आख्यान स्वतःकडे ठेवलं.

"ऑपेरा म्हणजे कीर्तनच," ते उपरणं सारखं करत म्हणायचे. "फरक इतकाच की इथं कीर्तनकार एक नाही. अस्की माणसं आपापलं आख्यान लावतात, आणि कोणी कोणाचं ऐकत नाही."

"म्हणजे आपल्या घरासारखं," आतून काकू.

"यजमानीणबाईंनी मुद्दा धरला."

माझं काम रेकॉर्ड उलटण्याचं. हात साबणानं धुवून, फक्त कडेला धरून. एरवी मला घरात काचेचा ग्लाससुद्धा कोणी देत नसे, त्यामुळे या कामाचा मला इतका माज होता की रविवारी मी हात वर धरूनच चालायची.

सुई टेकली की आधी ती चुरचुर, फोडणीत मोहरी पडावी तशी. मग वाद्यं. "ही नांदी. पडदा अजून खालीच आहे. लोक जागा शोधतायत, पान खातायत, त्यांना गप्प करायला हा गोंगाट." मग माणसं झपझप सुरात बोलायला लागायची. "हे बोलगाणं. पुढं काय झालं ते सांगायला. कोण आलं, चिठ्ठी कोणी लपवली, ते." आणि मग एकदम सगळं शांत व्हायचं, एक बारीक सनई येऊन वाट करून द्यायची, आणि ती वरच्या आवाजाची बाई गायला लागायची. अण्णाकाका बोट वर करायचे. "आरिया. इथं गोष्ट थांबली. गोष्ट थांबली की मन चालायला लागतं."

ऑपेराची माझी ओळख एवढीच. पुढं लायब्ररीत जाड पुस्तकं चाळली, पण त्या बोटापेक्षा जास्त काही त्यांच्यात सापडलं नाही.

गोष्ट एका बंदरातली होती. अण्णाकाकांनी ते बंदर नागपट्टिणमला आणून ठेवलं, कारण तिथं त्यांचे मामा होते. हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी, तिचा खलाशी, आणि तिचा बाप. मुलीचं मूळचं नाव आम्हाला उच्चारता येईना म्हणून ती सुंदरा झाली. खलाशी झाला राजाराम. बाप जाड आवाजाचा. ऑपेरात बाप नेहमी जाड आवाजाचा असतो आणि त्याचं नेहमी चुकतं. नागपट्टिणमच्या उकाड्यात हातमोजे कोण घालतं, असा प्रश्न मी एकदा विचारला. अण्णाकाकांनी क्षणभर विचार करून त्याला सोनार केलं. पुढल्या रविवारपासून बाप सोनारच.

सुट्या रेकॉर्डवरची लाडकी गाणी मध्ये मध्ये लागायची. पेले उंचावून सगळे गातात ते एक. अण्णाकाकांच्या मते त्या पेल्यांत गुळाचं पानकम होतं. एक नुसत्या समूहाचं, गाव सुटलेल्या माणसांचं, हळू सुरू होऊन भरतीसारखं चढणारं. ते लागलं की अण्णाकाका चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "हे तंजावर सोडून आलेत." आमच्या घराण्यात अण्णाकाकांच्या आधीच तंजावर सुटलं होतं. तरी.

समोर बॅचलर लोकांची मॅन्शन होती, चार मजले, प्रत्येक खिडकीत बनियन वाळत घातलेले. पहिल्या रविवारी तिथून एकानं विचारलं, "सार, मामी कोणाशी भांडतायत?" सहा महिन्यांनी तोच माणूस अर्धी दाढी झालेली असताना वस्तरा हवेत धरून उभा असायचा, कारण तो वरचा सूर कधी येतो ते त्याला पाठ झालं होतं. सूर आला, संपला, की मग उरलेली दाढी. खाली जाईवाली टोपली टेकून बसायची. देवळातून पोंगलचा तुपाचा वास, मरीनावरून खारा वारा, आणि त्या सगळ्यातून ती परदेशी बाई, नागपट्टिणमच्या धक्क्यावर उभी राहून राजारामला हाका मारणारी.

पाच बाजू व्हायच्या. पाचव्या बाजूच्या शेवटी राजारामचं जहाज परत फिरल्याची वाद्यं वाजायची आणि मी तिसरी रेकॉर्ड उलटायला हात पुढे करायची. अण्णाकाका माझा हात हळूच बाजूला करायचे.

"मागं काय आहे?"

"त्यांची आरती. त्यांच्या चर्चमधली. आपण आपलं मंगळ म्हणू."

कारण कीर्तनाचा नियम आहे. आख्यान कितीही दुःखाचं असो, माणसांना रडत घरी पाठवायचं नाही. शेवट मंगळानं, म्हणजे शुभ चिंतणाऱ्या गाण्यानं. अण्णाकाका चिपळ्या वाजवायचे, जाहीर करायचे की राजाराम आला, सोनारानं हात जोडले, सुंदराचं लग्न लागलं. मग दोन ओळी बेसूर मंगळ. समोरच्या मॅन्शनमधून कोणीतरी ओरडायचं, "सार, इन्नोरु तडवै," म्हणजे पुन्हा एकदा. आणि काकू हात पुसत उठायची. मंगळ झालं की कॉफी, असा तो क्रम. चिपळ्यांच्या आवाजानंतर पितळी डबरा-टंबलरचा, म्हणजे कॉफीच्या वाटी-पेल्याचा, आवाज आला नाही असा रविवार मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट आठवते, तिचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी अण्णाकाका रिची स्ट्रीटला जाऊन प्लेअरची नवी सुई आणायचे. शर्टाच्या खिशातून ती नखाएवढी डबी काढून ते भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणायचे, "आठवड्यातून एकदा वाजवतो. तरी ही सुई झिजते कशी, कळत नाही." काकू कढीपत्ता निवडत असायची. कॅलेंडरही काही बोलायचं नाही.

*

खरा शेवट मला कॉलेजात कळला, आणि चारचौघांत कळला. वक्तृत्वाची स्पर्धा होती. मी मोठ्या ऐटीत ऑपेरा हा विषय घेतला आणि अण्णाकाकांचं अख्खं आख्यान इंग्रजीत सांगितलं. नागपट्टिणम, सोनार, पानकम, लग्न. सभागृह इतकं हसलं की मला वाटलं माझं इंग्रजी सुधारलं. मला विनोदी भाषणाचं दुसरं बक्षीस मिळालं. नंतर संगीत शिकवणाऱ्या सिस्टरनी माझा खांदा थोपटत सांगितलं, शेवट बदलायची कल्पना धाडसी आहे, कारण ती मुलगी तर मरते. छातीच्या रोगानं. खलाशी येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी बसमधून उतरले ती तडक अण्णाकाकांकडे. बक्षिसाचा कप हातात, डोळ्यांत पाणी. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"साहेबानं पेटीबरोबर पुस्तिका दिली होती. ऑफिसच्या खणात आहे." त्यांनी पेपर घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. आतून काकूचा खोकला आला. "काकूला बोललीस काय?"

"नाही."

"मग नको बोलूस."

मी नाही बोलले. पस्तीस वर्षं नाही बोलले. माझ्या पोटात सकाळची गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे, पण ही टिकली. पुढं कॅसेट आल्या, टीव्ही आला, मॅन्शनमधला वस्तरेवाला लग्न होऊन गेला, रविवार पातळ होत गेले. आठ वर्षांपूर्वी अण्णाकाका गेले. चिपळ्या काकूनं देवांच्या कोनाड्यात ठेवल्या. सहावी बाजू राहिली ती राहिलीच.

आणि आता काकू म्हणत होती, अस्कं लाव.

*

"प्लेअर चालतो का ते तरी कुठं माहीत आहे," मी म्हणाले.

"चालतो. मंगळवारी पुसला तेव्हा लावून पाहिला."

"सुई गेली असेल."

"चांगली आहे."

"रघूनं सांगितलंय, तुला दगदग नको."

"मी कुठं गायला बसतेय?" काकूनं थांबून श्वास घेतला. हल्ली तिची वाक्यं जिन्यासारखी झाली आहेत, मधल्या पायरीवर थांबतात. "रघू मला फुलदाणी समजतो. तू पण?"

मी खिडकीशी गेले. मॅन्शन पाडून तिथं आता लॉज झालाय, बंद काचा आणि बाहेर लटकलेले एसी. मी मेजाशी आले. घड्याळात तीन वाजत आले होते, म्हणजे अण्णाकाकांची तोंड धुवायची वेळ. मला वाटलं, पहिली बाजू लावू, थोडं ऐकवू, तेवढ्यात रघू येईल. माणूस घाबरला की वक्तशीर लोकांवर किती विसंबतो.

"पहिली लावते."

"पहिली मला पाठ आहे. सहावी लाव."

मी बेसिनशी जाऊन हात धुतले. साबणानं. एवढ्या वर्षांनी हात आपोआप वर धरले गेले. तिसरी रेकॉर्ड कव्हरातून काढली, कडेला धरून, आणि पाचवी बाजू वर आली. बरी होती, थोडी चमक शिल्लक होती. मग मी ती उलटली. जन्मात पहिल्यांदा.

मला वाटलं होतं, सहावी बाजू आरशासारखी असेल. कधी सुई न लागलेली, काळी कुळकुळीत, माझा चेहरा दिसेल अशी. मनातल्या मनात मी काकूसाठी वाक्यही तयार ठेवलं होतं, बघ काकू, इतकी जुनी आणि इतकी कोरी, राहू दे ना तशीच.

ती बाजू राखाडी होती. खडूचा हात लागलेल्या फळ्यासारखी. भूगोलाच्या बाईला फळा ओळखता येतो. वर्षानुवर्षं वापरलेला फळा कसा दिसतो ते मला माहीत आहे. पाचही बाजू मिळून झिजल्या नसतील इतकी ती एक बाजू झिजली होती.

मी रेकॉर्ड हातात धरून उभीच राहिले. यंत्र घुमत होतं.

"काकू."

"हं."

"ही कुणी वाजवली?"

काकू खिडकीबाहेर बघत होती. "घरात दुपारी कोण असायचं?" ती म्हणाली.

*

तिनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं, मधल्या पायऱ्यांवर थांबत. मी ते जोडून लिहितेय, पण ऐकताना त्यात यंत्राचा आवाज होता, आणि खाली भाजीवाल्याचा.

"तांबरमहून आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, श्वास ओढायचा आणि धरायचा. रोज. मला कंटाळा यायचा. नुसता श्वास धरून काय करायचं? एक दिवस, तू शाळेत, हे ऑफिसात, मी ती आरती लावली. म्हटलं त्यांच्या देवाची तर देवाची, ऐकू तरी."

"मग?"

"आरती कुठली. ती मरत होती."

"पण तुला भाषा कुठं..."

"खोकला मराठीत असतो काय, पाप्पा?" ती हसली आणि मी दचकून नळीकडे पाहिलं. रघूची सूचना क्रमांक दोन. "मी चार महिने त्या वॉर्डात होते. मला कळणार नाही? पण मला एक समजेना. एवढी छाती बिघडलेली बाई, आणि शेवटी एक सूर धरते, धरते, सोडत नाही. म्हटलं, हिला जमतं तर मला का नाही? मग मी रोज तिच्याबरोबर श्वास धरायची. ती सूर, मी श्वास. पहिल्या दिवशी मी लगेच सुटले. दिवाळीपर्यंत अर्ध्यावर. पुढच्या वर्षी, आडी महिन्यात," म्हणजे आमच्या आषाढाच्या सुमाराला, "मी तिच्याही नंतर सोडला."

"आणि ती?"

"ती मरायची. रोज मरायची. मी उठून कॉफी घालायची."

मी नेहमी जे करते तेच केलं, प्रश्न विचारला. "मग रविवारी तू अण्णाकाकांना लग्न कसं लावू दिलंस?"

"ते किती हौसेनं लावायचे. मी आत बसून तांदूळ निवडत ऐकायची. त्यांना वाटायचं, मला कळलं तर मी घाबरेन. मला वाटायचं, मला कळलंय हे कळलं तर तेच घाबरतील." तिनं पदर सारखा केला. "दोघांत एकानं तरी घाबरायचं राहिलं पाहिजे ना घरात."

"म्हणजे त्यांना कधीच कळलं नाही?"

काकूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा दहा वर्षांची झाले, हातातला काचेचा ग्लास कुणीतरी काढून घ्यावा तशी.

"सुया कोण आणत होतं?" ती म्हणाली. "मी तर रिची स्ट्रीट अजून पाहिलेली नाही."

खाली भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला. मला ते कॅलेंडर आठवलं, खिशातून निघालेली डबी, निवडला जाणारा कढीपत्ता. दर दोन-तीन महिन्यांनी एक माणूस बस पकडून जात होता आणि आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीसाठी नवी सुई आणत होता.

"तुला का लावायला सांगितली ते ऐक," काकू म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तिथं गेल्यावर मिळायची नाही. आणि मी ही बाजू कधी कोणाबरोबर ऐकली नाही. दर वेळी एकटीच. आता एकदा बरोबर कोणी पाहिजे. एवढंच. बस इथं. उठू नको."

मी कोनाड्यातून काढून खोक्यात भरलेल्या चिपळ्यांचा विचार केला, त्या कुठल्या खोक्यात ते मला आठवलं नाही, आणि मग वाटलं की त्यांची गरज नाही. सुई टेकवली. खुर्ची काकूजवळ ओढली आणि बसले.

मोहरी तडतडली. खूप तडतडली, ऑपेरापेक्षा फोडणीच जास्त. मग तिच्यातून वाद्यं वर आली, अगदी बारीक, पडदा वाऱ्यानं हलावा इतकीच. सोनार हळू आवाजात काहीतरी कबूल करत होता. राजाराम जिना चढत होता. वाद्यांना पायऱ्या होत्या. आणि सुंदरा. इतकी वर्षं मी जिचं लग्न लावत आले ती, खालच्या आवाजात, थकलेली, एक ओळ गाऊन थांबणारी. काकूनं डोळे मिटले. तिचा हात खुर्चीच्या हातावर होता. मी त्यावर माझा ठेवला, धुतलेला.

तो सूर आला तेव्हा तिच्या बोटांनी मला आधी सांगितलं. तिनं श्वास ओढला. मीही ओढला. सूर वर गेला आणि तिथं राहिला, झिजलेल्या खाचांतून, खरखरीत, पण राहिला. यंत्र घुमत होतं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा तंबोरा कुणासाठी लावलाय ते कळलं. माझी छाती दुखायला लागली. रोज मरीनावर अर्धा तास चालते असं मी सगळ्यांना सांगते. प्रत्यक्षात मी तिथली हरभऱ्याची उसळ, सुंडल, खाऊन परत येते, ते त्या वेळी उघड झालं. मी आधी सुटले. काकू माझ्यानंतर, सूर अर्ध्यावर असताना. तिच्या ओठांवर किंचित हसू आलं, जुन्या ओळखीच्या माणसानं पुढं निघून जाताना हात केल्यासारखं. सूर पुढं गेला. मग तोही थांबला. वाद्यांचे दोन जड ठोके, आणि सुई रिकाम्या खाचेत फिरायला लागली. खर्र, टक. खर्र, टक.

मी काकूकडे पाहिलं. डोळे मिटलेले. हात गार.

"काकू?"

खर्र, टक.

"काकू, अगं..."

तिनं एक डोळा उघडला. "गेली ती," काकू म्हणाली. "मी आहे. ऊठ आता, कॉफी घाल."

मी उठले. त्या दिवसभरात इतकी उठले होते, पण कुठं जायचंय ते माहीत असून उठणं हे पहिलंच. फिल्टर तिसऱ्या खोक्यात सापडला, देवांच्या आणि चिपळ्यांच्या खाली. दोन खोकी त्याआधी फुकट फोडली. मी कॉफी पूड भरत होते तेव्हा खाली रघूनं हॉर्न दिला, एकदा, मग लांबलचक.

"वाजवू दे," काकू आतून म्हणाली. "डिकॉक्शन उतरायला वेळ लागतो."